रुळांच्या दोन बाजू : वसईचे धर्मग्राम कसे वाढले

१९८९-९० च्या सुमारास वसईच्या पश्चिम पट्ट्यातली माणसे रस्त्यावर उतरली ती येऊ घातलेल्या इमारती अडवायला. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती, मागे केळीच्या बागा, पानमळे आणि फुलशेती राखणारी गावे. त्यांत हिंदू होते, कॅथलिकही मोठ्या संख्येने होते. पश्चिमेचा काही हिरवा भाग त्या लढ्यामुळे वाचला. पूर्वेला मात्र इमारती उभ्या राहिल्याच. त्यांत राहायला आलेल्या माणसांत मुंबईहून सरकत आलेली कितीतरी कॅथलिक कुटुंबे निघाली. या लोकांसाठी मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, कुठे करायची, त्यांच्या मुलांना धर्मशिक्षण कुठे द्यायचे, त्यांची प्रेते कुठे पुरायची, हे प्रश्न मग त्याच ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चसंस्थेच्या, दारात येऊन थांबले.

एका उपनगरी पट्ट्यातले धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले समाज (पॅरिश), काही दशकांत कसे वाढतात याचा हा अभ्यास आहे आणि वरची विसंगती हीच त्याची मुख्य गोष्ट आहे. वसईत ‘वाढ’ या शब्दाचे दोन अर्थ झाले. रुळांच्या एका बाजूला वाढ म्हणजे संकट होते, दुसऱ्या बाजूला वाढ म्हणजे भरलेले बाक. दोन्ही बाजूंचा बिशप मात्र एकच.

आधी पाया, थोडक्यात. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा संघांनी गावोगाव चर्च बांधली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, युरोपीय धर्मगुरू गेले आणि समाज स्थानिक पाद्रींच्या आधाराने टिकला. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) निघाला, त्यात वसई गेली; १९२८ मध्ये तो मोडला आणि वसई मुंबईच्या महाधर्मप्रांताला जोडली गेली. राजे बदलले, धर्मप्रांतांच्या हद्दी बदलल्या, पण नंदाखाल, निर्मळ, पापडी, माणिकपूर ही चर्चची गावे जागची हलली नाहीत. पुढच्या कथेत हे स्थैर्यच अडचणीचे ठरणार आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

कारण जुन्या वसईत धर्मग्राम म्हणजे अक्षरशः ग्रामच होता. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा समाजांच्या आळ्या आणि वाड्या. शेत, विहीर, चर्च आणि दफनभूमी चालत पोचण्याच्या अंतरात. प्रार्थना मराठीत, घरातले बोलणे आपापल्या बोलीत; सामवेदींची कादोडी तर वसईबाहेरच्या मराठी माणसाला चटकन कळायचीही नाही. फादरला घरोघरची माहिती वेगळी गोळा करावी लागत नसे, कारण कोणाचे कोणाशी काय नाते हे आळीतल्या कुठल्याही म्हातारीला तोंडपाठ असे. याच मातीतून १९१८ मध्ये बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. धर्माने बांधलेला शेजार पैशाच्या व्यवहारालाही पुरेल एवढा घट्ट होता, याची याहून चांगली खूण मला तरी माहीत नाही.

रेल्वेने हे लगेच मोडले नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली. १९३६ पर्यंत विजेच्या गाड्या विरारला पोचल्या. पण कित्येक दशके या रुळांवरून माल आणि माणसे मुख्यतः एकाच दिशेने गेली. सकाळी भाजी, फुले, केळी, दूध मुंबईला, पुढे पुढे नोकरदारही मुंबईला, आणि संध्याकाळी माणसे परत घरी. गाडीतून वसईत राहायला कोणी उतरत नव्हते. तोपर्यंत वसईचे धर्मग्राम फुगले ते घरच्याच पाळण्यांनी.

धर्मग्राम कायद्याने काय असतो, हे इथे सांगायला हवे, नाहीतर पुढचा गुंता सुटायचा नाही. आपण सहज म्हणतो, ‘मी अमुक चर्चचा’. कॅनन कायद्याला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याला, ही भाषा मान्य नाही. १९८३ च्या संहितेच्या कलम ५१५ नुसार धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा निश्चित समुदाय, आणि कलम ५१८ सांगते की तो सर्वसाधारणपणे प्रदेशावर ठरतो. म्हणजे नकाशावर रेघ ओढलेली असते आणि रेघेच्या आत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्या धर्मग्रामाचा असतो, त्याने तिथल्या चर्चचा उंबरा ओलांडलेला असो वा नसो. कायमचे राहायच्या इराद्याने आलेला माणूस पहिल्याच दिवशी तिथला होतो. इराद्याची खात्री नसेल तर पाच वर्षे सलग राहिल्यावर होतो. नाव नोंदवणे, वर्गणी, ओळखपत्र यांतले काहीही लागत नाही.

आता हा कायदा इमारतींच्या पट्ट्यात आणून बघा. एखाद्या फादरच्या हद्दीत एका वर्षात तीन वसाहतींचा ताबा दिला जातो आणि शेकडो माणसे त्याची होतात. त्याला ती ठाऊक नसतात, त्यांना तो ठाऊक नसतो. त्यांतले बरेचजण रविवारी गाडी पकडून आपल्या जुन्या चर्चला, मालाडला किंवा बांद्र्याला, जात राहतात. कायद्याने धर्मग्राम वाढलेला असतो, बाकांवर काहीच दिसत नाही.

ही माणसे येत कुठून होती? मुंबईतला कॅथलिक समाज गेली शंभर वर्षे उत्तरेकडे सरकतो आहे. माहीम-बांद्र्याकडून अंधेरी, मालाडचे ओर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मग दहिसर ओलांडून मीरा रोड, भाईंदर, मग खाडी ओलांडून वसई, नालासोपारा. प्रत्येक टप्प्याला कारण तेच होते. लग्न झाले, आईबापांच्या दोन खोल्यांत जागा पुरेना, आणि परवडणारे घर पुढच्या स्थानकाजवळ मिळत होते. या लोकांत गोव्याचे होते, मंगळुरूचे होते, केरळ-तमिळनाडूचे होते, मुंबईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियनही होते. त्यांची प्रार्थनेची भाषा बहुधा इंग्रजी, कुठे कोकणी, कुठे मल्याळम किंवा तमिळ. म्हणजे मराठी धर्मग्रामांच्या हद्दीत मराठीत प्रार्थना न करणारे कॅथलिक येऊन वसले.

वसईच्या जुन्या कॅथलिकाला याचा सल का वाटावा, हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली. वसईत ती जागा मराठीने घेतली, आणि कशीबशी नव्हे, तर मोठ्या हौसेने. मराठी गायने आली, मराठी मिस्सा आली, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन १९८३ पासून दिब्रिटोंकडे आले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘आम्ही ख्रिस्ती आहोत आणि आम्ही मराठी आहोत’ हे एका श्वासात म्हणता यावे म्हणून या समाजाने दोन पिढ्या खर्ची घातल्या होत्या. अशा वेळी आपल्याच हद्दीतली नवी माणसे ‘रविवारच्या मुख्य वेळेला इंग्रजी मिस्सा ठेवा’ म्हणू लागली, तर तो प्रश्न वेळापत्रकापुरता राहत नाही. सकाळी साडेआठची मिस्सा कोणत्या भाषेत, यावरून धर्मग्राम परिषदेत रंगणारे वाद बघून नवख्या माणसाला हसू येईल. मला ते वाद गंभीरच वाटतात.

१९९० मध्ये सरकारने वसई-विरार पट्ट्याचे नियोजन सिडकोकडे दिले. ज्या लढ्याने हा लेख सुरू झाला तो नेमका याच काळातला. हिरवा पट्टा बांधकामाला खुला होणार, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाणार, किनाऱ्याकडची जमीन खारी होणार, ही भीती काल्पनिक नव्हती. एक गोष्ट मात्र त्या वेळी फारशी बोलली गेली नाही. पश्चिमेची गावे शेतजमिनीच्या जोरावर धर्मग्राम म्हणून उभी होती. जमीन विकली गेली की पिकाबरोबर आळीही मोडते, आणि आळी मोडली की फादरच्या हाताखालची बिनपगारी यंत्रणा मोडते. हरित वसईचा लढा पर्यावरणाचा म्हणून ओळखला जातो, तो तसा होताच. पण त्याच्या पोटात एका विशिष्ट प्रकारचा धर्मग्राम वाचवण्याची धडपडही होती, असे माझे मत आहे.

पूर्वेची गणिते वेगळीच होती. जनगणनेचे आकडे पाहा. २००१ मध्ये नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदांची लोकसंख्या मिळून ४ लाख ७० हजारांच्या आसपास होती. त्यात एकट्या नालासोपाऱ्याची १ लाख ८४ हजार. २०११ मध्ये वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण महानगरपालिकेत चार नगरपरिषदांबरोबर ५३ गावेही धरली होती. तरी अंदाज यायला एवढे पुरे. या लोंढ्यात कॅथलिक थोडेच होते, पण जुन्या धर्मग्रामांच्या मापाने बघितले तर तेही डोंगराएवढे.

असा लोंढा आला की ख्रिस्तसभा काय करते? पहिले पाऊल नेहमी तात्पुरते असते. एखाद्या शाळेचा हॉल, कोणाच्या इमारतीची गच्ची, कुठे सिस्टरांच्या कॉन्व्हेंटची खोली. मातृचर्चचा सहाय्यक धर्मगुरू रविवारी तिथे जाऊन मिस्सा करतो. याला मिस्सा केंद्र म्हणतात. टेबलावर पांढरा कपडा घातला की वेदी तयार होते, मिस्सा संपली की खुर्च्या रचून ठेवल्या जातात आणि दुपारी त्याच हॉलमध्ये कोणाचा तरी वाढदिवस असतो. या काळातली माणसे पुढे कितीही मोठे चर्च झाले तरी त्या हॉलच्याच आठवणी सांगतात. खुर्च्या लावणारा, पेटी वाजवणारा आणि वर्गणी मोजणारा बहुधा एकच माणूस असायचा, त्यामुळे ओळखी पक्क्या होत.

मग गर्दीचे गणित आडवे येते. कलम ९०५ नुसार धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करावी. गरज असेल तर परवानगीने दोन, आणि रविवारी किंवा सणाला फार तर तीन. समजा एका चर्चमध्ये ६०० माणसे बसतात आणि दोन फादर आहेत. रविवारी जास्तीत जास्त सहा मिस्सा, म्हणजे कागदावर ३,६०० जागा, वर शनिवार संध्याकाळची मिस्सा धरून थोड्या अधिक. प्रत्यक्षात पहाटेच्या मिस्सेला बाक रिकामे असतात आणि साडेआठच्या मिस्सेला लोक पायऱ्यांवर उभे राहतात. आणखी मिस्सा वाढवता येत नाही. आणखी फादर हवा, नाहीतर आणखी चर्च हवे. फादरांची चणचण वसईला इतरांच्या मानाने कमी भासली, कारण पश्चिमेच्या गावांनी धर्मगुरू आणि सिस्टरा भरपूर दिल्या. इथे एक अदृश्य देवाणघेवाण दिसते : शेतीच्या आळीत वाढलेला मुलगा धर्मगुरू होऊन पूर्वेच्या सातमजली इमारतींत आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर (मिस्सेतला भाकरीचा प्रसाद) द्यायला लिफ्टने वर जातो.

चर्चची अडचण मात्र जमिनीची असते, आणि इथे कॅनन कायद्यापेक्षा महसूल खाते जड जाते. बिशपची लेखी संमती ही कलम १२१५ ची अट; ती मिळते. पण सातबारा कोणाच्या नावावर आहे, शेतजमीन बिगरशेतकरी संस्थेला कशी घेता येईल, बिनशेती परवानगी कधी मिळेल, विकास आराखड्यात त्या तुकड्यावर कसले आरक्षण आहे, या प्रश्नांत वर्षे जातात. जुन्या धर्मग्रामाची पडीक जमीन विकून नवे चर्च बांधू म्हटले, तर चर्च हा सार्वजनिक न्यास असल्यामुळे १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गावकऱ्यांचा विरोध होतो तो वेगळाच. त्यांच्या पणजोबांनी देवाला दिलेली जमीन अनोळखी लोकांच्या चर्चसाठी का विकायची, हा त्यांचा सवाल. तो सवाल क्षुद्र नाही. मात्र कलम ५१५ च्या दृष्टीने दोघेही एकाच बिशपची मेंढरे.

नवा धर्मग्राम उभा करण्याचा अधिकार एकट्या बिशपचा असतो, पण त्याआधी धर्मगुरूंच्या परिषदेचे मत ऐकणे त्याला बंधनकारक आहे. रेघ कुठे ओढायची हा खरा पेच. रेल्वेमार्ग ही सोयीची हद्द, कारण म्हातारी माणसे आणि लहान मुले पूल चढून रविवारी पलीकडे जात नाहीत. माणिकपूरचे सेंट मायकल चर्च पोर्तुगीज काळातले. स्थानक त्याच्या शेजारी आले ते फार पुढे. रुळांनी हद्द ठरवली की जुन्या चर्चची सावली एका बाजूला राहते आणि दुसऱ्या बाजूला इतिहास शून्यापासून सुरू होतो. अशी विभागणी झाली की मातृधर्मग्रामाला काहीतरी तुटल्यासारखे वाटते. वर्गणी कमी होते, गायनमंडळातले चांगले आवाज पलीकडे जातात, सणाच्या मिरवणुकीची लांबी घटते. ‘आमचा धर्मग्राम वाढला’ याचा हिशेबी अर्थ अनेकदा ‘आमचा धर्मग्राम लहान झाला’ असा निघतो.

सगळेच काही लॅटिन विधीचे, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचे, नव्हते. केरळचे सिरो-मलबार कॅथलिक, ज्यांची उपासनेची रीत वेगळी पण पोप तोच, अनेक वर्षे मुंबईच्या लॅटिन धर्मग्रामांतच मिसळून होते. गायनात, युवक मंडळात, परिषदेत पुढे असत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ मध्ये भारतातल्या बिशपांना विधींच्या प्रश्नावर पत्र लिहिले आणि १९८८ मध्ये मुंबई परिसरातल्या सिरो-मलबार लोकांसाठी कल्याणचा धर्मप्रांत निघाला. मग एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर राहणारी दोन कॅथलिक कुटुंबे वेगवेगळ्या बिशपांच्या अखत्यारीत गेली. लॅटिन फादरला आपले खंदे कार्यकर्ते हातचे गेल्यासारखे वाटले, मल्याळी कुटुंबांना आपली प्रार्थना आपल्या रीतीने परत मिळाल्यासारखी वाटली. दोघांचेही खरे होते.

इमारतींच्या धर्मग्रामाने आळीची जागा भरून काढायला जो उपाय वापरला तो म्हणजे लहान ख्रिस्ती समूह. मुंबईच्या महाधर्मप्रांतात ही पद्धत १९८० च्या दशकात रुजू लागली आणि १९९० च्या बांडुंग अधिवेशनात आशियातल्या बिशपांनी ‘समुदायांचा समुदाय’ हे ख्रिस्तसभेचे रूप पुढे ठेवले. तीस-चाळीस कुटुंबे, एक निमंत्रक, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी दिवाणखान्यात बायबलवाचन. कोण आजारी, कोणाचा मुलगा बेकार, कोणत्या घरात दारू शिरली, हे फादरला याच वाटेने कळते. पश्चिमेच्या गावांतही हे समूह निघाले, पण तिथे ते जरा विनोदीच वाटतात. जिथे सगळी आळी रोज विहिरीवर भेटायची तिथे महिन्यातून एकदा ठरवून भेटण्याचे काय कौतुक? अर्थात आता विहिरीवर कोणी भेटत नाही, तेव्हा तो विनोदही जुना झाला.

२२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा वेगळा धर्मप्रांत निघाला. भुईगावचेच थॉमस डाबरे पहिले बिशप झाले, पापडीच्या कृपामातेच्या चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला. हद्द वसईच्या खाडीपासून थेट गुजरातच्या सीमेपर्यंत. त्यात केळीच्या बागा आल्या, नालासोपाऱ्याच्या इमारती आल्या आणि तलासरी-डहाणूकडचे आदिवासी पाडेही आले, जिथे जेझुइट आधीपासून काम करत होते. लाखावर कॅथलिकांचा हा धर्मप्रांत बघता बघता तीन जगांचा झाला. अकरा वर्षांनी, ३ जुलै २००९ रोजी, वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गावांनी महानगरपालिका नको म्हणून पुन्हा आंदोलन केले. योगायोग असा की त्या पावसाळ्यात धर्मप्रांताची गादी रिकामी होती. बिशप डाबरे पुण्याला गेले होते आणि आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांची नेमणूक नोव्हेंबरमध्ये झाली. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली, मग प्रकरण न्यायालयात गेले. गावाला गाव म्हणून राहायचे होते आणि शहराला सांडपाण्याची वाहिनी हवी होती. दोन्हीकडच्या प्रार्थनापुस्तकात ‘आमच्या शेजाऱ्यांसाठी’ हीच विनवणी.

वाढ मोजायची कशी, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. प्रत्येक धर्मग्रामात कलम ५३५ प्रमाणे तीन नोंदवह्या सक्तीच्या असतात : स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह आणि मृत्यू. उपनगरात या वह्या शिरगणतीपेक्षा निराळी गोष्ट सांगतात. नव्या वसाहतीत घर घेणारी जोडपी बहुधा एकाच वयाची असतात, त्यामुळे धर्मग्रामात एक लाट उठते. पहिली काही वर्षे स्नानसंस्कारांची वही झपाट्याने भरते. आठ-दहा वर्षांनी प्रथम ख्रिस्तशरीर घेणाऱ्या मुलांचे वर्ग ओसंडतात आणि ‘जागा पुरत नाही, हॉल बांधा’ ही मागणी येते. हॉल बांधून होईस्तोवर ती मुले दृढीकरणापर्यंत (श्रद्धा पक्की करण्याच्या पुढच्या संस्कारापर्यंत) पोचलेली असतात आणि वर्ग रिकामे पडू लागतात. पंचवीस-तीस वर्षांनी विवाहाची वही, चाळीस वर्षांनी मृत्यूची. लाटेच्या ज्या टप्प्यावर बांधकामाचा ठराव होतो, त्या टप्प्याच्या मापाचे चर्च बांधले जाते, म्हणून ते एकतर अपुरे पडते नाहीतर मागाहून मोठे वाटते. याला दोष द्यायचा तर कोणाला? देणग्या गर्दी दिसल्यावरच येतात.

दफनभूमीचा प्रश्न या लाटेत सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत वाईट रीतीने येतो. तरुण जोडप्यांच्या धर्मग्रामात तिची आठवण कोणाला होत नाही. चर्चसाठी जागा मागितली तर शेजारी कुरकुरतात, दफनभूमीसाठी मागितली तर मोर्चा येतो. मग पहिल्या पिढीचे मृत मातृचर्चच्या दफनभूमीत जागा मागतात, जिथे गावच्या घराण्यांच्या कबरी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. पूर्वेच्या माणसाला रुळ ओलांडून पश्चिमेत कायमचा मुक्काम मिळतो तो असा, मेल्यावर.

पश्चिमेच्या वह्यांत उलटे चित्र आहे. स्नानसंस्कारांची पाने पातळ होत चालली आहेत, कारण घरे लहान झाली, मुले एक-दोन झाली आणि शिकलेले परदेशी गेले. पण त्या जुन्या वह्या बंद होत नाहीत. कॅनन कायद्याने स्नानसंस्काराची नोंद जिथे झाली तिथेच राहते. पुढे दृढीकरण, विवाह, दीक्षा काहीही झाले की त्याची नोंद त्या मूळ पानाच्या समासात करावी लागते. म्हणून पूर्वेच्या चर्चमध्ये लग्न लागले की दुसऱ्या आठवड्यात कार्यालयातून दोन पत्रे सुटतात, वराच्या आणि वधूच्या मूळ धर्मग्रामांना. बरीचशी गोव्याला, मंगळुरूला, मुंबईच्या जुन्या चर्चांना जातात. पण वधू नंदाखालची किंवा पापडीची असली, तर पत्र फक्त पूल ओलांडते, आणि तिथला कारकून पंचवीस वर्षांपूर्वीचे पान काढून बारीक अक्षरात समासात तारीख लिहितो.